वाचलेल्यांच्या साक्षीचा फसवा कौल

आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढ असलेला माणूस धडधाकटपणे सत्तरीला पोहोचला, की घरचे म्हणतात, ‘व्हायचं असतं तर आतापर्यंत झालं असतं, आता गोळ्या कशाला?’ हे म्हणणे अगदीच निराधार नाही. ब्रिटनमधील सायमन ब्रूम नोंदवहीवर आधारलेला अहवाल १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा रुग्णांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण २० ते ३९ या वयात सर्वसामान्यांच्या जवळजवळ शंभरपट आढळले. उतारवयात मात्र फारसा जादा धोका दिसला नाही. कोलेस्टेरॉलला निर्दोष ठरवू पाहणारे उतारवयाचा हाच आकडा वरचेवर पुढे करतात.

आकडा खरा, अनुमान चुकीचे. ज्यांच्या रक्तवाहिन्या सर्वांत आधी बुजल्या ते चाळिशी-पन्नाशीतच गेले. साठीनंतरच्या नोंदीत उरले ते निवडून निघालेले. कुणाचा जनुकदोष सौम्य असेल, कुणी कधी विडी-सिगारेटला शिवले नसेल, कुणाला दुसऱ्या एखाद्या जनुकाने तारले असेल. रणांगणातून परतलेल्यांना मोजून गोळी घातक नसते असे ठरवण्यातलाच हा प्रकार. दुसरी गफलत ‘पट’ या मापाची. वय वाढते तसा हृदयविकार सगळ्यांनाच गाठू लागतो, म्हणून तुलनेतला फरक आकसतो. हिशेबापुरते समजा, दहा हजारांत एकाचा धोका दहापट झाला, तर जादा मृत्यू नऊ. शंभरात दोघांचा धोका नुसता दीडपट झाला, तर दहा हजारांमागे जादा मृत्यू शंभर. पट घटली आणि माणसे मात्र जास्त गेली!

यावर आक्षेप येतो, की कमी कोलेस्टेरॉलचे वृद्धच अधिक मरतात. पण त्यांच्यापैकी अनेकांचे कोलेस्टेरॉल कर्करोग, यकृताचे आजार, खंगणे यांनी आधीच उतरलेले असते. तिथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. डेन्मार्कमध्ये स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या, न घेणाऱ्या सुमारे ९१ हजार लोकांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात सत्तरी ते शंभरी या वयातही एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढले तसा हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला दिसला. हे लोक सर्वसाधारण समाजातले होते, हे खरे. पण जन्मापासून चढे एलडीएल वागवणाऱ्याला या नियमातून सूट का मिळावी? ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल ज्या शोधकार्यासाठी मिळाले, त्याने हेच दाखवले की या विकारात रक्तातले एलडीएल उचलणारे यकृताचे ग्राहक (रिसेप्टर) अपुरे पडतात आणि एलडीएल रक्तात साचत राहते. वय झाले म्हणून ते ग्राहक सुधारत नाहीत.

पंचाहत्तरीपुढे, आधी हृदयविकार नसलेल्यांत स्टॅटिनच्या चाचण्यांचा पुरावा तोकडा आहे, हे मान्य करावेच लागते. गलितगात्र, अनेक औषधांवर असलेल्या माणसाचा निर्णय वेगळा असू शकतो. पण तो त्या माणसाची प्रकृती पाहून व्हावा, जन्मसाल पाहून नव्हे. शिवाय म्हातारपणी निदान हुकतेही सहज: तरुणपणी संशय जागवणारी बुबुळाभोवतीची पांढुरकी कडी या वयात कुणाच्याही डोळ्यात दिसते. टाचेमागच्या जाड शिरेवरची गाठ, जुने लिपिड प्रोफाइल आणि घराण्यातले अकाली मृत्यू तपासल्या-विचारल्याशिवाय कळत नाहीत. आणि आजोबांचे निदान त्यांच्यापुरते राहत नाही. दोषाची एकच प्रत त्यांच्यात असली, तरी प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. आजोबांच्या गोळ्या बंद करण्याआधी त्यांच्या मुलांचे कोलेस्टेरॉल तपासून घ्या.