श्रीलंकेतील क्षोभ आणि कर्जाचा करार

मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेच्या पश्चिम प्रांतातील शाळांच्या सत्र परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कारण संप नव्हे, साथही नव्हे. प्रश्नपत्रिका छापावयास कागद नव्हता आणि तो आयात करावयास डॉलर नव्हते. १२ एप्रिल रोजी सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबविली. सप्टेंबरात महागाईवाढीचा दर सुमारे ७० टक्क्यांवर गेला.

पेट्रोल आणि गॅसच्या रांगांतूनच कोलंबोच्या गॉल फेस येथील आंदोलन उभे राहिले. ९ जुलैला जमाव अध्यक्षीय प्रासादात शिरला, आणि देशाबाहेर पळालेल्या गोटाबाया राजपक्षे यांनी १४ जुलैला राजीनामा दिला. जनतेचा हा विजय खराच. परंतु नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांना ५२ टक्के मते दिली होती तीही जनतेनेच (उत्तरेकडील तमिळ मतदार अर्थातच त्यात नव्हते). सत्तेवर येताच त्यांनी मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. राज्याची तिजोरी त्यामुळे रिती होत गेली. तेव्हा मात्र कोणी रस्त्यावर उतरले नाही. करकपात कोणाला नको असते?

पुढे सत्ता गेली ती रानिल विक्रमसिंघे यांच्याकडे. त्यांच्या पक्षाचे संसदेत ते एकटेच सदस्य. त्यांना निवडून दिले ते राजपक्षे यांच्याच पक्षाच्या मतांनी. मार्च २०२३ मध्ये त्यांनी नाणेनिधीकडून सुमारे ३ अब्ज डॉलरचे साहाय्य मिळविले. जानेवारी २०२४ पासून मूल्यवर्धित कर १८ टक्के झाला. रांगा सरल्या, भाववाढ ओसरली. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये मतदारांनी त्यांना तिसऱ्या क्रमांकावर ढकलले आणि २०१९ मध्ये जेमतेम ३ टक्के मते मिळविणारे अनुरा कुमारा दिसानायके अध्यक्ष झाले. नोव्हेंबरात त्यांच्या आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या.

नाणेनिधीच्या अटी बदलून घेऊ, असे दिसानायके निवडणुकीत सांगत होते. सत्तेवर आल्यावर त्यांनी तो करार मूलतः तसाच ठेवला. यास विश्वासघात म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. परकीय धनकोंशी झालेली कर्जाची पुनर्रचना त्याच करारावर उभी होती. तो मोडला असता तर २०२२ च्या रांगा परतण्याचा धोका होता. तथापि अप्रत्यक्ष कराचा भार अल्प उत्पन्नाच्या कुटुंबावर प्रमाणाने अधिक पडतो, हेही तितकेच खरे. रांगेत उभ्या राहिलेल्या शिक्षकाने आणि कारकुनाने राज्यकर्ते बदलून दाखविले. नव्या राजवटीतही दुकानदाराच्या पावतीवर त्यांना १८ टक्केच भरावे लागले.