लिपी नाही म्हणून पुरावा नाही?



परवा वनहक्काच्या दाव्याची चौकशी झाली. ऐंशीच्या घरातला आपला एक बाबा उभा राहिला. कोणत्या नाल्यापासून कोणत्या मोहापर्यंत कोणाचं शेत, बहात्तरच्या दुष्काळाआधी ते कोण कसत होतं, गार्डने कोणाचा नांगर ओढून नेला, सगळं त्याने पावरीत सांगितलं. साहेब म्हणाले, "मराठीत बोला. ह्या बोलीला लिपी तरी आहे का?" कागदावर दोनच शब्द पडले : पुरावा नाही.

म्हणजे जमीन कसली तोही गुन्हा, आणि आपल्या भाषेत सांगितलं तोही गुन्हा!

लिपीचाच हिशोब करायचा तर करू. २००१ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे ९५ लाखांवर भरले. त्यातच आपली पावरी, बारेली, मावची आली. संस्कृत मातृभाषा सांगणारे भरले १४,१३५. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. संस्कृत त्यात आहे, भिली नाही. संस्कृतशी आपलं भांडण नाही. पण चौदा हजारांची ती भाषा आणि ९५ लाखांची ती नुसती 'बोली', हा न्याय कोणता?

आता सातपुड्यातच जरा पूर्वेला चला. जळगाव जामोद तालुका, आपला जळगाव नव्हे, बुलढाण्यातला. तिथे निहाल लोक राहतात. त्यांची निहाली भाषा बोलणारे आता दोन-अडीच हजारच उरलेत. तिच्यात कोरकू शब्द आहेत, मराठी आहेत, द्राविडी आहेत. पण ते सगळे बाजूला काढले तरी मागे असे शब्द उरतात की ज्यांचं नातं जगातल्या कुठल्याच भाषेशी लागत नाही. आज देशात ज्या मोठ्या भाषा मिरवतात त्या इथे पोचण्याआधी ह्या डोंगरात कोणीतरी बोलत होतं, त्याची ही खूण असावी असं अभ्यासक मानतात. आणि ह्याच भाषेबद्दल काही विद्वानांनी काय तर्क लढवला? ही चोरांची गुप्त बोली असावी! ज्याचं जंगल, तोच चोर. भाषेतही तेच, जमिनीतही तेच.

खाली गावात आपल्या बोलण्याला हसणाऱ्या अहिराणी भाऊंनाही एक सांगणं आहे. ग्रियर्सन साहेबाने देशातल्या भाषांची पाहणी केली. १९०७ साली छापलेल्या त्याच्या खंडात खानदेशी, म्हणजे तुमची अहिराणी, भिल्ली भाषांच्याच सोबत घातली आहे. शाळेत मास्तर तुमच्याही पोराला "शुद्ध बोल" म्हणून दटावतो. मग भाऊ, आपल्यालाच का हसता?

आता कामाचं बोलू. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. नियम १३ वाचा. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचं निवेदन लिहून घेतलं तर तो पुरावा आहे. जुन्या विहिरी, मसणवटी, देवस्थानं हाही पुरावा आहे. "मराठीतच बोला" असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. लिहून घेणं हे लिहिणाऱ्याचं काम. बाबाने साहेबाची भाषा शिकावी हे कायद्याचं म्हणणं नाही. नुसत्या निवेदनावरही थांबू नका, एकापेक्षा जास्त पुरावे लावा.

तेव्हा :

१) ग्रामसभेत म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांना आपल्याच भाषेत बोलू द्या. शिकलेल्या पोरांनी ते शब्द देवनागरीत जसेच्या तसे उतरवावेत, खाली मराठी अर्थ द्यावा, वाचून दाखवावं, मग अंगठा घ्यावा.

२) नकाशावर प्रत्येक नाला, टेकडी, देवाचं झाड आपल्या नावाने लिहा. फॉरेस्टच्या कागदावर जिथे नुसता कंपार्टमेंट नंबर आहे, तिथे आपल्याकडे नाव आहे. नंबर देणारा काल आला. नाव देणारा त्याच्या आधीपासून तिथे होता. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

३) पुढच्या जनगणनेत मातृभाषा विचारतील. गणणारा स्वतःच 'मराठी' लिहून मोकळा होतो. त्याचा हात धरा. पावरी असेल तर पावरी, मावची असेल तर मावची लिहायला लावा.

बाबाचा दावा आपण पुन्हा टाकतोय. ह्या वेळी तो पुन्हा पावरीतच बोलणार आहे. सुनावणीला सगळ्या पाड्यांनी यायचं, भाकरी बांधून यायचं.

जमीन आमची, जंगल आमचं, भाषाही आमचीच!