करंगळी

दिवाळी अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, हा विषय मांडू नये असे काही सभ्य वाचकांना वाटेल. त्यांनी खुशाल पान उलटून पुढची कथा वाचावी. परंतु त्या कथेची नायिका लोकलने प्रवास करीत असेल, तर तिची गाठ ह्याच विषयाशी पडणार आहे. लेखकाने ते लिहिलेले असो वा नसो.

मी गिरगावातल्या एका शाळेत बालवर्गाला शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. पण इतक्या वर्षांच्या मास्तरकीत एक कायदा पक्का शिकले. पोराने करंगळी वर केली, की पाढा अर्ध्यावर ठेवून त्याला जाऊ द्यायचे. कितीही कडक मास्तर असो, त्या करंगळीला तो नाही म्हणत नाही. ह्याच मुंबईत मोठी झालेली बाई मात्र आपली करंगळी कोणाला दाखवणार?

माझे माहेर लालबागच्या चाळीतले. गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास, सकाळी हातात टमरेल घेऊन रांग. पुढे लालबाग परवडेना, म्हणून आम्ही डोंबिवलीला गेलो. आता डोंबिवलीहून दादर, दादरचा पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग चर्नी रोड. घराच्या उंबऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत दोन तास. चाळीतली रांग वाईट होती. पण रांगेच्या शेवटी दार तरी होते.

एका संध्याकाळी वाटेतल्या एका स्थानकावर मला थांबता येईना. स्थानकाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचणारी प्रत्येक बाई तिथे आपल्या स्थानकाचे नाव घालील. स्त्रियांच्या खोलीला कुलूप. शेजारच्या पुरुषांच्या मुतारीला दारच नव्हते, तेव्हा कुलुपाचा प्रश्नच नव्हता. चौकशी केली तर उत्तर मिळाले, “सातनंतर बंद असते.” जणू सातनंतर बायकांना मूत्राशय नसते! त्या दिवशी मी डोंबिवलीपर्यंत उभी आले. बसण्याची हिंमत नव्हती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. त्यानंतर छपन्न वर्षांनी, १९०९ साली, बंगालमधल्या अखिलचंद्र सेन नावाच्या उतारूने साहेबाला एक तक्रारपत्र लिहिले. तो अहमदपूर स्थानकावर शौचाला बसलेला असताना गार्डाने शिट्टी दिली. एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना गृहस्थ फलाटावर पडला आणि चारचौघांत उघडा झाला. त्या पत्रामुळे गाड्यांच्या डब्यांत शौचालये आली असे सांगतात. पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवले आहे. लांबच्या गाड्यांत सोय झाली. मुंबईच्या लोकलमध्ये आजही नाही. लोकलचा प्रवास तो केवढा, असे म्हणतात. म्हणणाऱ्याने डोंबिवलीहून चर्नी रोडला एकदा यावे, आणि निघण्यापूर्वी तांब्याभर पाणी प्यावे!

बायकांचा विचार कोणी केलाच नाही असे मी म्हणत नाही. १९४८च्या कारखाने कायद्याने स्त्री-पुरुष कामगारांसाठी वेगवेगळे, आडोशाचे संडास व मुताऱ्या बांधणे कारखानदाराला भाग पाडले. म्हणजे परळच्या गिरणीतल्या बाईला हा हक्क कागदावर तरी होता. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर खास स्त्रियांची अख्खी गाडी सुरू झाली. सबंध गाडी देता आली, ती जिथे थांबते तिथे चार हात जागा मात्र सापडेना! जाहिरातींच्या फलकांना जागा आहे, वडापावला आहे, सरबताला आहे. प्यायलेले सरबत पुढे कुठे जाणार, एवढे मात्र कोणी विचारू नये.

२०११ साली मुंबईतल्या संस्थांनी ‘राइट टू पी’ मोहीम उभारली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून मात्र पैसे, हा व्यवहार तिने चव्हाट्यावर आणला. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालये हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण तो आदेश महापालिकांना, स्थानक रेल्वेचे. पुलाच्या कोणत्या पायरीवर एकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते, हे बाईच्या शरीराला कळत नाही.

“सोय केली तर लोक घाण करतात,” हा दुसरा युक्तिवाद. मग फलाट झाडायचा कशाला? तोही लोक घाण करतातच. तिसरा युक्तिवाद असा, की बायका तक्रार करीत नाहीत. हे खरे आहे. बायका तक्रार करीत नाहीत. त्या पाणी पीत नाहीत. दुपारी तीननंतर घोट घेत नाहीत, जळजळ सोसतात, आणि डॉक्टर भरपूर पाणी प्या म्हणाला की मान डोलावून घरी येतात. बायकांच्या ह्या तहानेवर रेल्वेचा केवढा खर्च वाचतो! तो कोणत्याही अंदाजपत्रकात दाखवलेला नसतो.

आणि आम्ही लेखक? माझ्या कादंबऱ्यांतल्या नायिका गिरगाव ते दादर शेकडो वेळा गेल्या. त्या गाडीत रडल्या, प्रेमात पडल्या, एकीने तर खिडकीशी बसून नवऱ्याला सोडण्याचा निश्चय केला. एकीलाही कधी लघवी लागली नाही. मी त्यांना शील दिले, बंड दिले, मूत्राशय दिले नाही. ह्या कुलुपाची एक किल्ली माझ्याही पदराला आहे.

मागणे फार मोठे नाही. प्रत्येक स्थानकावर पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत उघडी, फुकट खोली. आत पाणी, दिवा आणि लागणारी कडी. दाराशी पगारी बाई. भगिनींनो, कुलूप दिसले की स्टेशनमास्तरांकडे तक्रारवही मागा. तीत ‘गैरसोय’ लिहू नका, ‘लघुशंका’ही लिहू नका; ही शंका नव्हे. वेळ घाला, स्थानकाचे नाव घाला आणि सरळ लिहा: मला लघवीला जायचे होते, दाराला कुलूप होते. अखिलबाबूला हे लिहिताना लाज वाटली नाही. आपण आणखी किती वर्षे वाटून घ्यायची?