किती आठवडे झाले?

दरवर्षी 25 मे, म्हणजे जागतिक थायरॉईड दिन, जवळ आला की ‘गोळीविना थायरॉईड बरा करा’ असे सांगणाऱ्या आहारतक्त्यांना उधाण येते. तीन वर्षांपूर्वी मीही अशाच एका तक्त्याला भुलले. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट असूनही भुलले, हे सांगताना संकोच वाटतो. कारण माझी चूक नेमकी माझ्याच विषयातील होती.

मला हाशिमोटो थायरॉईडायटिस आहे. जपानी वैद्य हाकारू हाशिमोटो यांनी 1912 मध्ये वर्णिलेल्या या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटते. ग्रंथी पुरेसे संप्रेरक बनवीनाशी झाली की ते लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीतून भरून काढावे लागते. भारतातील आठ शहरांच्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांमध्ये या संप्रेरकाची कमतरता आढळली होती. म्हणजे हे दुखणे घरोघरचे आहे.

मी गहू सोडला, दूध सोडले, स्वयंपाकघरात सैंधव आणले आणि गोळी बंद केली. पहिले दोन आठवडे उत्तम गेले. आहाराचा गुण आला, असे मी सर्वांना ठामपणे सांगितले. वास्तविक या औषधाचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे आहे. गोळी थांबवल्यावर आठवड्याने त्याचा निम्मा आणि दोन आठवड्यांनी चौथा हिस्सा शरीरात उरलेला असतो. मी जुन्या शिलकीवर जगत होते आणि श्रेय तक्त्याला देत होते. तिसऱ्या महिन्यात आवाज घोगरा झाला, जिना चढवेना, नोंदवहीतील साधी गणिते चुकू लागली. टीएसएच 40 च्या पुढे गेला होता. मात्रा बदलल्यावर डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

मग आहाराला अर्थच नाही का? आहे, पण त्याचे काम गोळीला वाट मोकळी करून देण्याचे. गोळी उपाशीपोटी, पाण्यासोबत घ्यावी. चहा-कॉफी आणि न्याहारी अर्ध्या-एक तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर राखावे. शिजवलेली कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खाण्यास हरकत नाही. सीलिअॅक विकार नसेल, तर या आजारासाठी गहू वर्ज्य करण्यास भक्कम आधार नाही. सेलेनियमने काही चाचण्यांत प्रतिपिंडे घटलेली दिसली. म्हणून गोळी सुटते, असे सिद्ध झालेले नाही.

मिठाची गोष्ट अधिक गंभीर. अतिरिक्त आयोडीन या विकारात अपायकारक ठरू शकते, हे खरे. पण ते समुद्री शेवाळाच्या गोळ्यांसारख्या पूरकांबाबत, घरच्या मिठाबाबत नव्हे. 1956 पासून कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड आटोक्यात येतो हे दाखवून दिले आणि 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मी सैंधव आणले तेव्हा घरात वहिनी गरोदर होती, आणि मिठाची बरणी एकच होती. गर्भाच्या मेंदूच्या वाढीस आयोडीन अत्यावश्यक असते. आईने ती बरणी वेळीच बदलली. माझ्या चुकीची किंमत मी मोजणे ठीक. ती दुसऱ्या कोणाच्या पानात वाढण्याचा अधिकार मला नव्हता.

म्हणून एक विनंती. ‘गोळी सोडली, आहार बदलला, आता ठणठणीत आहे’ असे कोणी सांगितले, तर वाद घालू नका. इतकेच विचारा : किती आठवडे झाले, आणि टीएसएच किती आहे?