न खपलेल्या भाजीचा भार

महाराष्ट्र सरकारने 2016 साली फळे-भाजीपाल्याची बाजार समितीच्या आवाराबाहेरील विक्री नियमनमुक्त केली आणि आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. पण न खपलेल्या मालाचा तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न तसाच राहिला. दादरच्या मंडईत पहाटे घेतलेली मेथीची जुडी दुपारपर्यंत मलूल होते, म्हणून परळ-लालबागचा किरकोळ विक्रेता हात राखूनच माल उचलतो आणि पडलेल्या भावाची झळ अखेर शेतकऱ्याला बसते. यावर अर्थशास्त्र समन्वयी करार, म्हणजे जोखीम दोन्ही पक्षांत वाटणारा करार, सुचवते. उरलेला माल परत घेण्याची अट वृत्तपत्रांना मानवते, कोथिंबिरीला नव्हे. तिच्यासाठी खरेदीदर कमी ठेवून विक्रीच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा पुरवठादाराला देणे अधिक रास्त. अर्थात त्यासाठी विक्रीची विश्वासार्ह नोंद लागते, आणि रोखीवर चालणाऱ्या पाटीवाल्याकडे ती क्वचितच असते. मोठ्या विक्री दालनांकडे मात्र प्रत्येक जुडीची नोंद असते. त्यांच्यापासूनच सुरुवात व्हावी, आणि जोखीम पुन्हा शेतकऱ्यावरच ढकलली जाऊ नये म्हणून प्रतवारीच्या नावाखाली माल नाकारण्याची कारणे व मुदत करारात लेखी नमूद करणे पणन विभागाने सक्तीचे करावे.