नोकरी निवडताना पहिला प्रश्न कोणता?



मुलांचे निकाल लागले की आपल्या घरात एकच विचारलं जातं, पगार किती? मुलगी असेल तर पुढचा प्रश्न, बारामतीतच आहे ना, सांगवीहून रोज जाऊन-येऊन जमेल ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण माझ्या मते त्याआधी विचारावं, तिथे कशावर सही करावी लागणार?

प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानांची नावं घेतो. ती शब्दशः धरली तर आपल्या भागात नोकरीच उरणार नाही. ऊस गाळणं हे यंत्रपीडन, गाड्यांचा धंदा हे शकटकर्म. म्हणजे माळेगावचा साखर कारखाना बाद आणि एमआयडीसीतले गाड्यांचे कारखानेही बाद! इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं करणारे वालचंद हिराचंद जैनच होते, आणि ते गाव साखर कारखान्याभोवतीच वाढलं.

मग धरायचं काय? श्रावकाची अणुव्रतं असतात, साधूंसारखी महाव्रतं नव्हेत. संसारात काही हिंसा टळत नाही, ती कमी करत जायची. खोटं मात्र टाळता येतं. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याचे पाच अतिचार आहेत: चोरीला उत्तेजन, चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम मोडून व्यवहार, खोटी मापं आणि भेसळ. पाचही नोकरीच्या ठिकाणी आजही भेटतात.

माझ्या भाचीला बी.कॉम. झाल्यावर दोन ठिकाणी हिशेबाचं काम मिळत होतं. एकीकडे महिना सहा हजार जास्त, पण दोन वह्या ठेवाव्या लागतील हे मुलाखतीतच सूचित केलं. घरावर कर्जाचा हप्ता आहे, म्हणून "आधी लाग, मग बघू" असं घरचे म्हणाले. मी म्हटलं, नको. एकदा सही केली की "मग" येत नाही. शिवाय चौकशी आली तर वहीत हस्ताक्षर मालकाचं नसतं, पोरीचं असतं. तिने कमी पगाराची नोकरी घेतली. हप्ता ओढाताणीने जातो, हे खरं आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. रात्रपाळी असेल तर चौविहार कसा पाळणार, हे रुजू होण्याआधीच विचारावं.

पगार तिसरा, आणि तोही नीट वाचावा. सीटीसीच्या आकड्यात बहुधा कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. शिवाय मुलीच्या मूळ पगारातून 12 टक्के पीएफ कापला जातो तो वेगळा. म्हणून "हातात किती?" हेच विचारा.

या वर्षी ज्यांच्या घरात मुलं नोकरी शोधत आहेत, त्यांनी मुलांसोबत बसून हे तीन प्रश्न याच क्रमाने कागदावर लिहावेत.