गोळ्या मिळतात, तपासणी कधी?

सकाळच्या एसटीतून राजापेठला उतरणाऱ्या गर्दीत काही जणींनी घरी खरे कारण सांगितलेले नसते. कुणी बँकेचे काम सांगते, कुणी डोळ्यांचा नंबर, कुणी लेकीच्या शाळेचा दाखला. त्या जातात अमरावतीच्या इर्विन रुग्णालयातील एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रावर. वजन होते, समुपदेशक चार प्रश्न विचारतात, महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या गोळ्या पिशवीत पडतात आणि दुपारच्या गाडीने त्या परततात. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातही हीच ये-जा असते. १ एप्रिल २००४ रोजी देशात मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा एचआयव्ही म्हणजे मरण हे गावोगाव ठरलेले होते. आज वर्षानुवर्षे त्या गोळ्या घेणाऱ्या बाया मजुरीला जाताहेत, मुलांची लग्ने लावताहेत, नातवंडे खेळवताहेत. सरकारी दवाखान्याचे हे मोठे यश आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. मात्र त्याच दवाखान्याला आता एक प्रश्न विचारायला हवा. इतकी वर्षे नेमाने दारात येणाऱ्या या बायांपैकी किती जणींच्या गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झाली?

प्रश्न विचारण्याला कारण आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सहापट असतो. या कर्करोगामागे जवळपास नेहमीच एचपीव्ही हा विषाणू असतो. तो इतका सर्वदूर आहे की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. बहुतेकांचे शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावते. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर तो ठाण मांडतो. एरवी बिघडलेल्या पेशींचा कर्करोग व्हायला पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्हीवर उपचार चालू नसतील तर पाच ते दहा वर्षेही पुरतात. एआरटीने हा धोका कमी होतो, पण जात नाही. शिवाय गोळ्यांनी आयुष्य वाढले, म्हणजे कर्करोगाला लागणारी वर्षेही त्या आयुष्यात आली. एचआयव्हीपासून वाचवलेली बाई टाळता येण्याजोग्या कर्करोगाने गमावणे, हे आपल्या व्यवस्थेला परवडणारे नाही आणि शोभणारेही नाही.

विज्ञानाने या दोन विषाणूंचा एकत्र विचार केव्हाच केला. २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून दिले गेले. अर्धे एचपीव्ही आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे नाते उलगडणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना आणि अर्धे एचआयव्ही शोधणाऱ्या फ्रान्स्वाज बारे-सिनुसी व लुक माँतान्ये यांना. आपल्याकडे मात्र एचआयव्हीचा कार्यक्रम एका विभागाचा, कर्करोग तपासणीचा दुसऱ्याचा. एकाची नोंदवही दुसऱ्याला दिसत नाही. अमरावतीत एचआयव्हीच्या गोळ्या इर्विनमध्ये आणि बायकांचे आजार डफरीनमध्ये, अशी विभागणी लोकांच्या डोक्यातही घट्ट बसली आहे. या दोन दारांमध्ये जी पायपीट आहे, तिच्यातच तपासणी राहून जाते. एका दिवसाची मजुरी बुडवून धारणीहून किंवा तेल्हाऱ्याहून आलेल्या बाईला ‘उद्या तिकडे दाखवा’ म्हणणे म्हणजे दाखवू नका म्हणण्यासारखेच आहे.

तपासणीने जीव वाचतात याचा पुरावा शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. तो महाराष्ट्रातील खेड्यांमधूनच जगाला मिळाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांची तपासणी झाली नाही, यावर पुढे टीका झाली आणि ती गैरलागू नव्हती. मुंबईतील वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने दुसरा मार्ग तपासला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. तेवढ्याने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांचाही अभ्यास आपल्याकडे झाला आहे. पुण्यात ‘प्रयास’ संस्थेच्या पुढाकाराने अकराशेहून अधिक जणींची अशी तपासणी करण्यात आली आणि ती करता येते, हे दिसले.

एवढे ज्ञान या राज्यातल्या बायांच्या सहभागातून उभे राहिले. त्यांच्या वाट्याला काय आले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी करून घेतली होती. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि जवळपास ८० हजार जणी त्याने दगावतात. वऱ्हाडात अंगावरून पांढरे जाणे, मध्येच रक्त दिसणे, ही दुखणी बाया अंगावर काढतात. सोयाबीन निघू दे, कापूस वेचून होऊ दे, मग पाहू, असे म्हणता म्हणता हंगाम जातात. तपासणी होते तेव्हा गाठ बरीच वाढलेली असते आणि मग नागपूरच्या वाऱ्या सुरू होतात.

बाकी स्त्रियांना तपासणीपर्यंत आणायला आशाताईंना घरोघर फिरावे लागते, समजवावे लागते. एआरटी घेणारी बाई मात्र आपल्या पायाने येते, ठरल्या तारखेला येते, वर्षानुवर्षे येते. तिची फाइल आहे, तिचा समुपदेशक आहे, तिचा विश्वास आहे. कर्करोग तपासणीच्या कोणत्याही कार्यक्रमाला याहून सोपी सुरुवात मिळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच सांगितले आहे की एचआयव्ही असलेल्या स्त्रियांची एचपीव्ही चाचणी वयाच्या पंचविशीपासून सुरू करावी आणि दर तीन ते पाच वर्षांनी करावी. इतर स्त्रियांसाठी हेच वय तीस आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शिकेतही या तपासणीला जागा आहे. आता ती केंद्राच्या रोजच्या कामात यायला हवी.

आमची मागणी म्हणून सरळ आहे. अमरावती आणि अकोला येथील एआरटी केंद्रांत गोळ्या देण्याच्या दिवशीच, त्याच आवारात, ही तपासणी व्हावी. नमुना बाईला स्वतः घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेला ही पद्धत मान्य आहे. परक्या माणसापुढे तपासणीच्या टेबलावर झोपायला लाजणाऱ्या बाईसाठी ती मोठीच सोय आहे. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र क्षयरोगाच्या तपासणीमुळे सरकारी दवाखान्यांच्या ओळखीचे झाले आहे आणि त्यावर एचपीव्हीची चाचणीही होते. अहवाल पुढच्या खेपेला गोळ्यांबरोबर देता येईल. दोष आढळला तर त्याच दिवशी उपचार करता यावा, म्हणून डफरीनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरलेल्या वारी केंद्रात बसावे. सुरुवातीच्या अवस्थेतील बिघडलेल्या पेशी उष्णतेने किंवा थंडाव्याने नष्ट करण्याचा उपचार काही मिनिटांचा आहे; त्यासाठी गर्भपिशवी काढावी लागत नाही.

यात अडचणी नाहीत असे नाही. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये एचपीव्ही चाचणी सकारात्मक येण्याचे प्रमाण जास्त असते. त्यांतील प्रत्येकीला कर्करोग होणार नाही, त्यामुळे खरोखर उपचाराची गरज कुणाला आहे हे दुसऱ्या तपासणीने पाहावे लागते. उपचारानंतर दोष पुन्हा उद्भवण्याची शक्यताही त्यांच्यात अधिक, म्हणून वर्षभराने पुन्हा बोलवावे लागते. एकदा शिबिर भरवून, फलकापुढे फोटो काढून हे काम संपणारे नाही. आणि म्हणूनच शिबिरापेक्षा कायमचे केंद्र त्याला योग्य. मनुष्यबळाची टंचाई खरी आहे, पण पुढच्या टप्प्यातील कर्करोगाची शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेवर पडणारा भार यांच्या तुलनेत एका परिचारिकेचे प्रशिक्षण स्वस्तच आहे.

दोन गट या चर्चेतून नेहमी सुटतात. पहिला पुरुषांचा. एचपीव्ही हा फक्त बायकांचा आजार मानला जातो. पण जननेंद्रियावरील चामखिळी आणि गुदद्वाराचा कर्करोग यांमागेही तोच विषाणू आहे आणि एचआयव्ही असलेल्यांमध्ये, विशेषतः पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये, त्याचे प्रमाण बरेच अधिक आहे. अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या ४,४५९ जणांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले की कर्करोगापूर्वीच्या अवस्थेत उपचार केल्यास गुदद्वाराच्या कर्करोगाचा धोका निम्म्याहून कमी होतो. समुपदेशकाने अशा त्रासाविषयी पुरुषांना, तृतीयपंथीयांना, न लाजता आणि न लाजवता विचारले पाहिजे. दुसरा गट जन्मतः एचआयव्ही घेऊन आलेल्या आणि आता वयात येणाऱ्या मुलामुलींचा. त्यांच्याबाबतीत प्रश्न लशीचा आहे. सर्वसाधारण मुलींना एचपीव्ही लशीचा एक डोस चालू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटले. एचआयव्ही असलेल्यांसाठी मात्र किमान दोन, शक्यतो तीन डोस सांगितले आहेत. एका डोसच्या धोरणात हा फरक सहज विसरला जाऊ शकतो. सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस पुण्यातच तयार होते. ती केंद्राच्या यादीतील प्रत्येक मुलामुलीपर्यंत पूर्ण मात्रेत पोचणे अवघड असण्याचे कारण नाही.

राहिली गोष्ट गुप्ततेची. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, संमतीविना कुणाची स्थिती उघड करण्यास आणि उपचारात भेदभाव करण्यास मनाई केली आहे. तरीही स्त्रीरोग विभागात ‘पॉझिटिव्ह’ म्हणून बाईला रांगेच्या शेवटी बसवले गेले, तर ती पुन्हा येणार नाही. आणि अशा बायांपैकी अनेकींना हा संसर्ग नवऱ्याकडून आला आहे, हे कुणी विचारातही घेणार नाही. कुष्ठरुग्णांना गावाबाहेर काढले जात होते त्या काळात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी याच अमरावतीत तपोवन उभे केले. तो वारसा सांगणाऱ्या शहराला तपासणीच्या खोलीतला पडदा आणि कर्मचाऱ्यांचा नीट शब्द एवढे तरी जमले पाहिजे.

पालकमंत्री, जिल्हाधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी हा विषय जिल्हा नियोजन समितीसमोर आणावा आणि पैशाची तरतूद करावी. त्यानंतर दर तिमाहीला चार आकडे जाहीर करावेत: एआरटी केंद्रांत नोंद असलेल्या पंचविशीवरील स्त्रिया किती, त्यांतील किती जणींची तपासणी झाली, किती जणींत दोष आढळला आणि किती जणींचा उपचार पूर्ण झाला. नावे नकोत, पत्ते नकोत, फक्त आकडे हवेत. पहिल्या तिमाहीचे आकडे लाजिरवाणे असले तरी चालेल. ते जाहीर झाले, तर दुसऱ्या तिमाहीत सुधारणा मागण्याचा हक्क वऱ्हाडातील जनतेला मिळेल आणि ती मागितल्याशिवाय आम्हीही राहणार नाही.